मासे अडवणारी जाळी आणि खाली आणलेला माथा : लहान, जुन्या खासगी धरणांचे गणित

अमेरिकेत जॉर्जिया किंवा कॅरोलायनाच्या उपनगरांत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना दलालाकडून हमखास ऐकायला मिळणारा एक शब्द म्हणजे ‘लेकफ्रंट’. मागच्या अंगणाला लागून शांत पाणी, छोटा लाकडी धक्का, दोन कयाक, संध्याकाळी गळ टाकून बसण्याची सोय, आणि या सगळ्यासाठी घराची किंमत थोडी चढी. जाहिरातीत सहसा नसते ती बाब अशी की, त्या भागातील असे बहुतेक तलाव निसर्गाने केलेले नसून ओढ्यावर मातीचा बांध घालून अडवलेले पाणी असते. त्या बांधाला कायद्याच्या भाषेत धरण म्हणतात, आणि ते धरण पुष्कळदा सरकारच्या नव्हे, तर वसाहतीच्या घरमालक संघाच्या, म्हणजे पर्यायाने घर घेणाऱ्यांच्याच मालकीचे असते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय धरण सूचीत ९०,००० हून अधिक धरणांची नोंद आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक खासगी मालकीची आहेत, सरासरी वय साठीच्या आसपास आहे, आणि ‘धरण कशासाठी’ या रकान्यात सिंचन किंवा वीज यांपेक्षा अधिक वेळा आढळणारे उत्तर ‘मनोरंजन’ हे आहे. उंचीने लहान, वयाने जुने, मालक खासगी आणि उपयोग विरंगुळ्याचा, असे सगळे एकत्र आले की एक खास अडचण उभी राहते. काठावर राहणाऱ्याला तळ्याकडून जे हवे असते, नेमके तेच धरणाला नको असते. त्याला पाणी बारा महिने काठोकाठ हवे असते. धरणाला पाण्याची पातळी आणि माथा यांच्यात भरपूर मोकळी उंची हवी असते. त्याला बांधावर सावलीची झाडे हवी असतात. धरणाला आखूड कापलेल्या गवताखेरीज काहीही नको असते. त्याने पैसे मोजून तळ्यात सोडलेले मासे सांडव्यातून, म्हणजे जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेतून, निसटू नयेत असे त्याला वाटते. धरणाला सांडवा पूर्ण मोकळा लागतो. अशी धरणे म्हातारपणामुळे फुटतात असे म्हणण्याची पद्धत आहे, पण फुटलेल्या धरणांचे इतिहास पाहिले तर वयापेक्षा ही रस्सीखेचच अधिक घातक ठरलेली दिसते.

मातीचे धरण म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. नीट बांधलेल्या धरणाच्या मधोमध चिकण मातीचा, थरावर थर दाबून बसवलेला गाभा असतो. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे कवच असते, पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती खाऊ नये म्हणून दगडांचे पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचे अस्तर असते, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू व खडी यांचा गाळणी थर असतो. हा शेवटचा थर महत्त्वाचा, कारण मातीचे धरण थोडेफार झिरपतेच आणि झिरपणे हा स्वतः दोष नाही. झिरपलेले पाणी मातीचे कण सोबत न घेता बाहेर पडते आहे की नाही, हा खरा प्रश्न असतो. पायथ्याशी वर्षानुवर्षे तेवढेच आणि नितळ पाणी येत असेल, तर ते मोजून नोंदवहीत लिहावे आणि लक्ष ठेवावे. तेच पाणी एखाद्या दिवशी गढूळ झाले किंवा त्याचा जोर वाढला, तर याचा अर्थ धरण आतून वाहून जाऊ लागले आहे असा होतो, आणि मग वाट पाहण्यात अर्थ नसतो.

धरण फुटण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला, पाणी माथ्यावरून जाणे. काँक्रीटची किंवा दगडी भिंत असा ओघ काही काळ सोसू शकते. मातीचा बांध सोसू शकत नाही, कारण पलीकडच्या उतारावरून वेगाने उतरणारे पाणी पायथ्यापासून माती खरवडत वर येते आणि काही तासांत माथ्याला खिंडार पडते. दुसरा मार्ग आतला. झिरपणारे पाणी कण वाहून नेऊ लागते, त्यातून बिळासारखी पोकळी तयार होते, ती कोरड्या बाजूकडून पाण्याकडे मागे मागे सरकत जाते आणि ज्या क्षणी ती तलावाला भिडते, त्या क्षणी बांधाच्या पोटातून नळ फुटतो. तिसरा मार्ग म्हणजे ओल्या, जड झालेल्या उताराचा मोठा तुकडा घसरणे. हे तिन्ही मार्ग एकमेकांपासून वेगळे राहतातच असे नाही; तुकडा घसरला की माथा अरुंद होतो, माथा खचला की तिथून पाणी ओसंडते.

यातील पहिला मार्ग आणि विरंगुळा यांचे नाते पाहायचे असेल, तर पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क धरणाकडे जावे लागते. ते बांधले होते सरकारने, कालव्यासाठी. जॉन्सटाउन या गावातील कालव्याच्या गोदीला कोरड्या महिन्यांत पाणी पुरावे, म्हणून गावाच्या वर सुमारे १४ मैलांवर, डोंगरात, ७२ फूट उंच आणि ९०० फुटांहून थोडा अधिक लांब असा मातीचा बांध १८५३ पर्यंत पुरा झाला. तोवर रेल्वे आली होती आणि कालव्याचे दिवस संपले होते. १८५७ मध्ये सरकारने कालव्याची मालमत्ता रेल्वे कंपनीला विकली, तिच्यासोबत धरणही गेले, आणि ज्या वस्तूचा उपयोग उरलेला नाही तिच्याकडे जसे लक्ष दिले जाते तसेच या धरणाकडे दिले गेले. १८६२ मध्ये तळाच्या नळ्यांजवळ बांध काही प्रमाणात फुटला. तलावात पाणी कमी होते, म्हणून नुकसान फारसे झाले नाही आणि त्यामुळे कोणी धडाही घेतला नाही.

पुढची दोन विक्रीखते या कथेतील सर्वांत महत्त्वाची कागदपत्रे आहेत. १८७५ मध्ये ज्याने धरण विकत घेतले, त्याने तळाशी पाणी सोडण्यासाठी बसवलेल्या पाच बिडाच्या, प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या नळ्या काढून भंगारात विकल्या. १८७९ मध्ये ते धरण पिट्सबर्गच्या धनिकांसाठी क्लब काढणाऱ्या बेंजामिन रफ याच्याकडे आले. साउथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लब या नावाच्या त्या संस्थेच्या सभासदांत अँड्रू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक आणि अँड्र्यू मेलन अशी नावे होती. फुटका भाग माती, झुडपे आणि गवत भरून बुजवण्यात आला. काढून टाकलेल्या नळ्या परत बसवल्या नाहीत. याचा साधा परिणाम असा झाला की यापुढे तलावाची पातळी मुद्दाम खाली आणण्याचा कोणताही मार्ग राहिला नाही. दुरुस्ती करायची तरी पाणी उतरवता येईना, आणि पूर येणार हे आधी कळले तरी जागा करून ठेवता येईना.

मग सोयी आल्या. क्लबहाऊसकडे जाणारा रस्ता धरणाच्या माथ्यावरून होता आणि समोरासमोर दोन घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फुटांनी खाली आणून रुंद करण्यात आला. तलावात ब्लॅक बास मासे सोडले होते, ते निसटू नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी लोखंडी गजांची जाळी बसवली. शिवाय बांधाचा मधला भाग थोडा बसलेला होता, म्हणजे पाणी कधी ओसंडलेच तर ते कडेच्या कातळावरून नव्हे, तर भरावाच्या सर्वांत उंच आणि सर्वांत नाजूक ठिकाणावरून ओसंडणार होते.

माथा तीन फुटांनी खाली आणल्याने काय बिघडले हे समजण्यासाठी सांडव्याचा एक नियम माहीत असावा लागतो. सांडव्यावरून जाणारे पाणी त्याच्या खोलीच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. ते खोलीच्या दीड (१.५) घाताने वाढते. सांडव्याच्या तळापासून धरणमाथ्यापर्यंत १० फूट उंची असेल आणि माथा खाली आणल्याने ती ७ फूट राहिली, तर उंची ३० टक्क्यांनी घटते, पण सांडव्याची कमाल क्षमता ४१ टक्क्यांनी घटते. चार फुटांचे दोन फूट झाले तर क्षमता निम्मी होत नाही, जवळजवळ एक तृतीयांश उरते. म्हणूनच माथा खचून वर्षांच्या ओघात चार-सहा इंच बसला असेल, किंवा कोणी सांडव्याच्या उंबऱ्यावर फळ्या लावून पाणी फूटभर वाढवले असेल, तर दिसायला क्षुल्लक वाटणारा तो बदल पुराच्या दिवशी क्षुल्लक राहत नाही. साउथ फोर्कवरच्या अलीकडच्या अभ्यासांनी मूळ आराखडा आणि क्लबने केलेले बदल यांची तुलना करून दाखवले की, धरणाची पाणी सुरक्षितपणे सोडण्याची क्षमता या बदलांमुळे निम्म्याच्या आसपास आली होती.

इशारा मिळाला नव्हता असेही नाही. खाली जॉन्सटाउनमध्ये कॅम्ब्रिया आयर्न कंपनीचा कारखाना होता. तिचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या अभियंत्याला धरण पाहायला पाठवले. फुल्टन यांनी दोन दोष नोंदवले: पाणी उतरवण्यासाठी तळाची नळी नाही, आणि दुरुस्ती धड झालेली नसून गळती आहे. आमच्या उपक्रमापासून तुम्हाला कसलाही धोका नाही, असे उत्तर रफ यांनी दिले. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली, तीही नाकारली गेली.

३१ मे १८८९ रोजी, रात्रभर कोसळलेल्या पावसानंतर, तलावाची पातळी डोळ्यांदेखत चढू लागली. त्या सकाळी माणसे दोन कामांना लावली गेली: काहींनी माथ्यावर माती टाकून उंची वाढवण्याचा प्रयत्न केला, तर काहींनी दुसऱ्या टोकाला नवा चर खणायला घेतला, तिथे खाली कठीण खडक लागला. माशांची जाळी काढावी की नाही यावर वेळ गेला, आणि काढायचे ठरले तेव्हा ती वाहून आलेल्या फांद्या-ओंडक्यांनी अशी तुंबली होती की निघेना. दुपारच्या सुमारास पाणी माथ्यावरून वाहू लागले, तीनच्या सुमारास बांध गेला, आणि चार वाजून सात मिनिटांनी लाट जॉन्सटाउनमध्ये शिरली. २,२०९ माणसे मेली. खाली तारेने इशारे पाठवले गेले होते, पण धरण फुटणार ही आवई त्या गावाने आधी इतक्या वेळा ऐकली होती की फार थोड्यांनी ती मनावर घेतली.

अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संघटनेने नेमलेल्या समितीचा अहवाल १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. धरण मूळ आराखड्याप्रमाणे ठेवले असते तरी त्या पावसात फुटलेच असते, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि तो क्लबच्या सभासदांच्या चांगलाच पथ्यावर पडला. वर सांगितलेल्या नव्या अभ्यासांनी तो निष्कर्ष खोडून काढला आहे. क्लबकडे स्वतःची मालमत्ता फारशी नव्हती, सभासद व्यक्तिशः जबाबदार धरले गेले नाहीत, आणि न्यायालयातून कोणालाही भरपाई मिळाली नाही. इंग्लंडमध्ये १८६८ साली एका गिरणीच्या जलाशयाच्या खटल्यात असे तत्त्व ठरले होते की, जो आपल्या जमिनीवर सुटल्यास अपाय करील अशी वस्तू साठवतो, तो ती सुटल्यास हलगर्जीपणा सिद्ध न होताही जबाबदार असतो. अमेरिकी न्यायालये हे तत्त्व मान्य करायला आधी फारशी राजी नव्हती; जॉन्सटाउननंतर अनेक राज्यांतील हवा बदलली. आज एखाद्या वसाहतीचा वकील घरमालक संघाला ‘बांधाचा विमा किती आहे’ असे विचारतो, त्यामागे हा इतिहास आहे.

मोठ्या मालकांचे झाले, लहानांचे काय, असे वाटत असेल तर जॉर्जियातील केली बार्न्स धरण पाहावे. हे धरण एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचे, जेमतेम चाळीस फुटांच्या आसपास उंचीचे. आधी दगड आणि लाकडाच्या चौकटीचा बांध, मग त्यावर विजेसाठी चढवलेला मातीचा भराव. १९५७ मध्ये वीजनिर्मिती बंद झाली आणि त्यानंतर तलाव केवळ विरंगुळ्यासाठी राहिला. कोरड्या उतारावर झाडे वाढली होती. त्याच उताराचा एक भाग काही वर्षांपूर्वी घसरल्याचे छायाचित्र नंतर सापडले, म्हणजे खूण दिसली होती, पण ती वाचणारे कोणी नव्हते. ६ नोव्हेंबर १९७७ च्या पहाटे, दीडच्या सुमारास, सगळे झोपेत असताना बांध फुटला आणि खालच्या आवारात ३९ जण मरण पावले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी देशभरातील धोकादायक वर्गातील बिगरसरकारी धरणांची तपासणी लष्कराच्या अभियंत्यांकडून करवून घेतली आणि जॉर्जियाने १९७८ मध्ये धरण सुरक्षेचा कायदा केला.

इथे ‘धोकादायक वर्ग’ या शब्दाबद्दल एक गैरसमज दूर केला पाहिजे. अमेरिकेत धरणांचे उच्च, लक्षणीय आणि कमी असे तीन धोका-वर्ग असतात. धरण किती मोडकळीला आले आहे हे त्या वर्गातून कळत नाही. ते फुटले तर खाली काय होईल, एवढेच कळते. खाली माणसे मरण्याची शक्यता असेल तर अगदी उत्तम स्थितीतील धरणही उच्च वर्गात बसते. म्हणूनच हा वर्ग बांधाला हात न लावता बदलू शकतो. १९६० मध्ये खाली कुरण होते म्हणून कमी वर्गात नोंदलेले धरण, त्या कुरणावर पुढे घरांची नवी वसाहत उठली की उच्च वर्गात जाते, आणि त्याबरोबर अधिक मोठ्या पुरासाठी सांडवा रुंद करण्याची सक्ती मालकाच्या गळ्यात पडते. वर राहणाऱ्यांना हे अन्यायाचे वाटते आणि ते समजण्यासारखे आहे, कारण खाली घरे बांधायला परवानगी त्यांनी दिलेली नसते. पण पाणी अडवून ठेवले आहे ते त्यांनी.

प्रत्यक्ष पाहणी करणे अवघड नसते. तज्ज्ञ अभियंत्याकडून ठरावीक काळाने होणारी तपासणी वेगळी. पण महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर बांधावरून, आणि विशेषतः कोरड्या बाजूच्या पायथ्यावरून, चालत जाणे हे मालकाचेच काम आहे. माथ्यावर उभे राहून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की मधला खोलगटपणा डोळ्यांना दिसतो. कुंपणाचे खांब किंवा रस्त्याच्या कडेची रेघ वाकडी झाली असेल, तर खालची माती सरकली आहे. पायथ्याशी उन्हाळ्यातही हिरवेगार राहणारे गवत किंवा पाणथळीत वाढणारी लव्हाळी दिसली, तर तिथे पाझर आहे. माथ्याला समांतर जाणारी भेग ही उतार घसरण्याची सूचना असते. माथ्याला आडवी जाणारी भेग त्याहून वाईट, कारण ती पाण्याला आरपार वाट देऊ शकते.

झाडांचा प्रश्न भावनिक होतो. मुळे माती धरून ठेवतात हे डोंगरउतारावर खरे आहे. बांधावर मात्र मुळे पाण्याच्या शोधात गाभ्यापर्यंत जातात, झाड मेले की ती कुजून पोकळ नळ्या होतात, आणि वादळात मोठे झाड मुळासकट उपटले गेले तर ते बांधाचा घनफुटांनी मोजावा असा तुकडा सोबत घेऊन जाते. जुने मोठे झाड नुसते तोडून खोड तसेच ठेवणे हा उपाय नव्हे, कारण कुजण्याची क्रिया तेव्हाच सुरू होते. मुळे खणून काढून खड्डा दाबून भरावा लागतो आणि ते काम अभियंत्याच्या देखरेखीखाली, पाणी उतरवून करावे लागते. बिळे करणाऱ्या प्राण्यांचेही तसेच. अमेरिकेत मस्करॅट आणि ग्राउंडहॉग, आपल्याकडे घुशी आणि खेकडे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा खेकड्यांना दोष देणाऱ्या सरकारी विधानाची राज्यभर टिंगल झाली आणि ती योग्यच होती. बिळे बांधाला पोकळ करतात हे खरे, पण बिळे न शोधणे आणि गावकऱ्यांनी गळतीच्या तक्रारी केल्यावरही बांध वेळेत न सावरणे, हा खेकड्यांचा अपराध होऊ शकत नाही.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे बांधाच्या पोटातून जाणारी नळी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या असंख्य लहान तलावांत उभ्या पाइपाचा सांडवा आहे: तलावात एक उभी नळी, तिच्यात वरून पाणी पडते आणि बांधाखालच्या आडव्या नळीतून पलीकडे निघते. ही नळी पुष्कळदा नालीदार जस्ती पत्र्याची असते आणि तिचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे. ती गंजून भोके पडली की बांधाची माती थेट नळीत गळू लागते. वर माथ्यावर एके दिवशी बादलीएवढा खड्डा दिसतो, कोणीतरी तो माती टाकून बुजवतो, आणि पुन्हा पडतो. अशा खड्ड्यात माती टाकणे म्हणजे दुखणे लपवणे. नळीत कॅमेरा घालून पाहणे आणि गरज असेल तर आत नवे अस्तर बसवणे हा खर्च मोठा वाटतो, पण बांध खणून नळी बदलण्याच्या खर्चापुढे तो काहीच नसतो.

सांडव्याची गोष्ट हवाईमध्ये वेगळ्या रीतीने घडली. काउआई बेटावरचे का लोको हे धरण १८९० च्या सुमारास उसाच्या मळ्यांसाठी बांधलेले, पुढे खासगी मालकाकडे गेलेले. १४ मार्च २००६ रोजी ते फुटून सात जण मृत्युमुखी पडले. स्वतंत्र चौकशीने सर्वांत संभाव्य कारण दिले ते असे की, सांडवाच जागेवर राहिलेला नव्हता, तो बुजला होता, आणि त्यामुळे पाणी माथ्यावरून गेले. राज्याच्या यंत्रणेने त्या धरणाची तपासणी कधी केलीच नव्हती.

पातळीवरून होणारा वाद पाहायचा असेल तर मिशिगनमधील एडनव्हिलकडे जावे. १९२४ चे हे मातीचे धरण एका खासगी वीज कंपनीचे होते आणि त्यामागच्या विक्सम तलावाच्या काठी शेकडो घरे होती. सांडवा अपुरा आहे, तो वाढवा, असे संघीय नियामक वर्षानुवर्षे सांगत राहिला आणि अखेर २०१८ मध्ये त्याने परवाना रद्द केला. देखरेख राज्याकडे आली. काठच्या रहिवाशांना तलाव भरलेला हवा होता, कारण पातळी उतरली की धक्के चिखलात उभे राहतात आणि घरांच्या किमती पडतात. पातळी परवानगीशिवाय खाली नेल्याने शिंपले मेले, म्हणून राज्याने कंपनीवर दावाही लावला होता. १९ मे २०२० रोजी धरण फुटले. पाणी माथ्यावरून गेलेच नाही. सैल वाळूचा भराव पाण्याने संपृक्त होऊन क्षणार्धात द्रवासारखा वाहिला, असे तज्ज्ञांच्या समितीने पुढे सांगितले. सुमारे १०,००० लोकांना आधीच हलवल्यामुळे एकही जीव गेला नाही. लहान धरणाच्या मालकाकडे आपत्कालीन आराखडा, म्हणजे कोणाला फोन करायचा, कोणती घरे आधी रिकामी करायची आणि कोणता रस्ता बंद होईल याची दोन पानांची यादी का असावी, याचे याहून चांगले उत्तर नाही.

आता पाण्यातल्या धोक्यांविषयी. सुट्टीसाठी आलेल्या पाहुण्याला तलाव म्हणजे पोहण्याची जागा वाटते. धरणाजवळचे पाणी मात्र साध्या तळ्यासारखे वागत नाही. उभ्या नळीच्या तोंडाशी पाणी शांत दिसते, पण जवळ गेलेल्या माणसाला ते खेचून जाळीवर दाबून धरते आणि पाण्याच्या त्या दाबातून दोन-तीन माणसांनाही त्याला ओढून काढता येत नाही. कमी उंचीच्या, एकसारख्या पडणाऱ्या बंधाऱ्याखाली पाण्याचा आडवा लोळ तयार होतो: वरचे पाणी बंधाऱ्याकडे मागे वळते, खालचे पुढे जाते, आणि त्यात सापडलेली होडी किंवा माणूस पुन्हा पुन्हा भिंतीकडे ओढला जातो. पाण्यात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटही पूर्ण तरंगवत नाही. अमेरिकी बचाव पथके अशा बंधाऱ्यांना ‘ड्राउनिंग मशीन’ म्हणतात. पावसाळ्यात कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना खाली पोहणाऱ्या मुलांना हाच धोका असतो, उंची जेमतेम पुरुषभर असली तरी. त्यामुळे सांडव्यापासून आणि नळीपासून पुरेसे दूर तरंगत्या पिंपांची किंवा दोरखंडाची रेषा बांधणे, बांधावरून गाड्या आणि मोटारसायकली नेण्यास मनाई करणे, आणि थंडीत हवा सोडणारे पंप चालू असतील तिथे बर्फावर कोणालाही जाऊ न देणे, एवढे नियम तरी प्रत्येक तलावाला लागतात. मासे अडवायचेच असतील तर तुंबणारी उभी गजांची जाळी सांडव्यावर लावू नये; माशांच्या मोहापायी सांडव्याचे तोंड अरुंद करणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

कायद्याची एक बारीक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत, जमिनीचा मालक लोकांना फुकट मासेमारी किंवा पोहणे करू देत असेल, तर अपघाताच्या दाव्यांपासून त्याला बरेच संरक्षण मिळते. प्रवेशाचे पैसे घेऊ लागला की ते संरक्षण साधारणपणे जाते. मात्र हे संरक्षण तलावावर आलेल्या पाहुण्यापुरते असते. बांध फुटून खालच्या माणसाचे नुकसान झाले, तर त्याचा या कायद्याशी संबंध नसतो. भारतात २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना तो लागू होण्यासाठी माथ्याची लांबी, साठा, पुराचा विसर्ग अशांपैकी एखादी ठरावीक अट पुरी व्हावी लागते. म्हणजे एखाद्या फार्महाऊसच्या किंवा रिसॉर्टच्या मालकाने ओढा अडवून केलेला सात-आठ मीटरचा बांध त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. अशा ठिकाणी बांध कोणी आखला, दबाई कशी केली आणि सांडवा आहे का, हे विचारण्याचे काम तिथे मुक्कामाला जाणाऱ्याने नव्हे, तर ओढ्याच्या खाली ज्यांची घरे आहेत त्यांनी ग्रामपंचायतीत करायला हवे.

दुरुस्तीसाठी तलाव उतरवायचा झाला तर तो सावकाश उतरवावा लागतो. पाण्याकडचा उतार आतून भिजलेला असतो. बाहेरच्या पाण्याचा आधार घाईने काढून घेतला तर आतल्या पाण्याच्या दाबाने तो उतारच तलावात घसरतो. म्हणून साधारणपणे दिवसाला फूटभर, किंवा त्याहूनही कमी, असा वेग पाळतात. खर्च झेपणारा नसेल, तर धरण रीतसर काढून टाकणे हा पर्याय उरतो आणि तोही स्वस्त नसतो. बांधात पुराला पुरेल एवढी रुंद खाच कापावी लागते, साठलेला गाळ खाली वाहून जाऊ नये म्हणून आधी स्थिर करावा किंवा उपसावा लागतो, मूळ ओढ्याचे पात्र पुन्हा घडवावे लागते, आणि उघड्या पडलेल्या तळावर गवत आणि झाडे लावावी लागतात. काही वर्षांत तिथे ओलसर कुरण होते, आणि मधून ओढा वाहतो. काठावरच्या घरांची किंमत त्याने कमी होते, म्हणून घरमालक संघाच्या सभेत हा ठराव सहसा पहिल्या फेरीत पडतो. विमा कंपनी पुढच्या वर्षी हप्ता वाढवते, राज्याचे दुरुस्तीचे पत्र पुन्हा येते, आणि ठराव पुन्हा मांडला जातो.